कोर्लई : एका एकाकी गावाचे व त्याच्या बोलीचे भवितव्य

भिन्न भाषा बोलणारी माणसे एका ठिकाणी येऊन राहू लागली म्हणजे त्यांच्या भाषांचे पुढे काय होते, हा प्रश्न भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला नवा नाही. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखानदारीच्या पट्ट्यात राहणाऱ्याला तर तो ग्रंथांत शोधावयासही नको. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ आले, आणि तेव्हापासून या भागात मराठवाड्यातील, विदर्भातील, बिहारमधील, उत्तर प्रदेशातील कामगारांची वस्ती सतत वाढत आहे. पाळी सुटल्यानंतर कारखान्याच्या फाटकाशी क्षणभर उभे राहिले तरी चार-पाच बोली कानी पडतात, आणि त्या सर्वांना जोडणारी एक कामचलाऊ हिंदीही ऐकू येते.

याच फाटकापाशी हमखास ऐकू येणारा एक शब्द आहे: ‘पगार’. बांधकामावरचा मजूर ‘घमेले’ उचलतो, ‘बादली’ भरतो, मुकादम ‘चावी’ मागतो. हे चारही शब्द मूळचे पोर्तुगीज. मराठीने ते घेतले, आपल्या लिंगवचनाच्या साच्यात बसविले आणि त्यांचे परकेपण पुसून टाकले. भाषासंपर्काचा हा सर्वांत सामान्य परिणाम होय : शब्द येतात, भाषा मात्र आपल्या जागी राहते.

परंतु ज्या संपर्कातून मराठीला हे शब्द मिळाले, त्याच संपर्कातून महाराष्ट्रातील एका लहानशा गावात एक संबंध भाषाच जन्माला आली. ते गाव म्हणजे रायगड जिल्ह्याच्या मुरूड तालुक्यातील कोर्लई. तेथील ख्रिस्ती वस्तीची मातृभाषा पोर्तुगीज शब्दांवर उभी असून तिची घडण मात्र पुष्कळ अंशी मराठी आहे. बोलणारे तिला ‘क्रिस्ती’ किंवा ‘नो लिंग’ म्हणजे ‘आपली भाषा’ असे म्हणतात. अशा रीतीने संपर्कातून जन्मून पुढे मातृभाषा बनलेल्या बोलीस शास्त्रात क्रिओल ही संज्ञा आहे. कोर्लईच्या क्रिओलचे भाषक हजाराच्या आतबाहेर आहेत. ही बोली इतकी वर्षे कशी टिकली, आणि यापुढे टिकेल काय, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. पहिल्या प्रश्नाचे प्रचलित उत्तर अर्धेच खरे आहे, आणि ते तसे असल्यामुळेच दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही आपण चुकीच्या दिशेने शोधतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

१. गावाचे स्थान व इतिहास

कुंडलिका नदी जेथे समुद्रास मिळते त्या मुखाच्या उत्तरेस रेवदंडा व चौल, आणि दक्षिणेस कोर्लई. समुद्रात घुसलेल्या एका डोंगराच्या सोंडेवर कोर्लईचा किल्ला आहे व त्याच्या पायथ्याच्या बाजूस गाव. पश्चिमेस समुद्र, उत्तरेस खाडी, पूर्वेस डोंगर व जंगल. कोर्लई हे नकाशावर बेट नव्हे. तथापि पूल होईपर्यंत रेवदंड्याचा बाजार गाठावयाचा तर होडीवाचून गत्यंतर नव्हते, आणि या अर्थाने तेथील जीवन बेटावरच्या जीवनासारखेच होते.

चौल हे प्राचीन बंदर. १५२१ साली निजामशाहीच्या संमतीने पोर्तुगीजांनी तेथे आपले ठाणे उभारले, आणि १५९४ साली खाडीपलीकडचा कोर्लईचा किल्लाही जिंकून घेतला. या तटबंदीच्या वस्तीत पोर्तुगीज शिपाई व दर्यावर्दी, त्यांनी विवाह केलेल्या स्थानिक स्त्रिया, बाटविलेले नोकर-चाकर व आफ्रिकेतून आणलेले दास एकत्र राहत. पोर्तुगीज ही मालकाची व चर्चची भाषा. मराठी ही स्त्रियांची, नोकरांची व भोवतालच्या मुलखाची. या दोहोंच्या मध्ये जी तोडकीमोडकी पोर्तुगीज बोलली जाई ती पुढील पिढीच्या कानांवर पाळण्यातच पडली, आणि मुलांनी तिला पूर्ण भाषेचे रूप दिले. क्रिओलची उत्पत्ती सामान्यतः अशी होते.

१७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली. त्यानंतरच्या तहान्वये १७४० साली पोर्तुगीजांनी चौलही सोडले. ज्यांना जाणे शक्य होते ते गोव्यास गेले. गरीब व खालच्या थरांतील ख्रिस्ती मागे राहिले, आणि त्यांची वस्ती कोर्लईस स्थिरावली. राज्यकर्ते गेले, त्यांची भाषा मात्र सर्वांत दुर्बळ प्रजेच्या मुखी राहिली. पुढे पेशवाई गेली, इंग्रजी अंमल आला व गेला, महाराष्ट्र राज्य झाले. कोर्लईच्या शेतकऱ्याच्या घरात सोळाव्या शतकातील दर्यावर्द्यांचे शब्द चालूच राहिले.

२. एकांताचा सिद्धान्त व त्याची मर्यादा

हे कसे घडले? सर्वसामान्य उत्तर असे की, गाव एकाकी होते म्हणून भाषा टिकली. वृत्तपत्री लेखांतून तर कोर्लईचे वर्णन काळाने विसरलेले गाव असेच बहुधा केलेले आढळते. या उत्तरात तथ्य नाही असे नाही. परंतु भाषेची घडण पाहू गेल्यास ते अपुरे असल्याचे तत्काळ ध्यानात येते.

कोर्लईच्या भाषेचा सर्वांत सखोल अभ्यास अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी केला असून त्यांचा ग्रंथ १९९६ साली प्रसिद्ध झाला. या अभ्यासातून पुढे येणाऱ्या गोष्टींपैकी दोन येथे पुरेशा आहेत. पहिली वाक्यरचनेची. पोर्तुगीज वाक्यात क्रियापद कर्माच्या आधी येते. ‘मी पितो पाणी’ असा तो क्रम होय. आरंभी या क्रिओलचा क्रमही तसाच असला पाहिजे. आज मात्र कोर्लईचा माणूस ‘मी पाणी पितो’ याच क्रमाने बोलतो. शब्द पोर्तुगीज, क्रम मराठी.

दुसरी गोष्ट क्रियापदांची, व ती अधिक उद्बोधक आहे. पोर्तुगीजमध्ये क्रियापदांचे तीन वर्ग असतात व ते अन्त्य स्वरावरून, म्हणजे ‘अ’, ‘ए’ व ‘इ’ यांवरून ओळखले जातात. बहुतेक क्रिओल भाषांत अशी रूपव्यवस्था झडून जाते. कोर्लईत ती टिकली आहे. इतकेच नव्हे, तर तेथे ‘उ’ स्वराने ओळखला जाणारा चौथा वर्ग निर्माण झाला. हा वर्ग कशासाठी? मराठीतून घेतलेल्या क्रियापदांसाठी. जणू तीन खणांच्या घरास चौथा खण जोडला आणि शेजाऱ्याकडून येणारा पाहुणा नेहमी त्याच खणात उतरविला. मराठी क्रियापद आले तरी त्याला कोर्लईच्या काळ-प्रक्रियेतूनच जावे लागते.

या दोन्ही गोष्टींचा अर्थ काय? कोर्लईचे लोक मराठीपासून कधीच तुटलेले नव्हते. शेजारी कोळी, माळी, मुसलमान. बाजार मराठी, कचेरी मराठी, पुढे शाळाही मराठी. पोर्तुगीजांशी असलेला संबंध तुटला, पण मराठीशी असलेला उलट वाढला. संपूर्ण एकांतात असलेल्या बोलीचा वाक्यक्रम शेजारच्या भाषेप्रमाणे फिरत नाही, व तिच्या व्याकरणात परक्या क्रियापदांसाठी वेगळा वर्गही उघडत नाही. तेव्हा जी भाषा अडीच-पावणेतीनशे वर्षे मराठीच्या नित्य सान्निध्यात राहून टिकली, ती केवळ खाडीच्या पाण्यामुळे टिकली असे म्हणता येणार नाही.

३. खरी सीमा कोणती

याचे उत्तर शोधण्यास वसईचे उदाहरण उपयोगी पडते. वसई व साष्टी या भागांतील ख्रिस्ती समाजही पोर्तुगीज अमलातच धर्मांतरित झाला. परंतु त्याची मातृभाषा मराठीचीच एक बोली राहिली. कारण तेथे गावेच्या गावे ख्रिस्ती झाली. शेत, वाडी, सोयरीक व ज्ञातिबंध जागच्या जागी राहिले. धर्म बदलला तरी बोलण्याचा समाज बदलला नाही. चौलच्या तटबंदीतील माणसांची गोष्ट निराळी. ती आपल्या मूळ गावापासून व जातीपासून तुटून मालकाच्या घरी आली होती. मागे परतण्याची वाट त्यांना नव्हती, आणि समानतेने पोर्तुगीजांत मिसळण्याचीही नव्हती. या दोन बंद दारांच्या मध्ये जो समाज तयार झाला त्याची भाषा हीच त्याची ओळख झाली.

१७४० नंतर ही सीमा अधिकच पक्की झाली. धर्मामुळे कोर्लईचे ख्रिस्ती हिंदू व मुसलमान शेजाऱ्यांशी सोयरीक करीत नसत. आणि सामाजिक पायरीमुळे इतर ख्रिस्ती समाजांशीही त्यांची सोयरीक सहसा होत नसे. लग्ने गावातच. म्हणजे घरात येणारी सून याच भाषेतली, व तिची मुलेही याच भाषेतली. भाषेचे संक्रमण मातेकडून होते हे सूत्र येथे अक्षरशः खरे ठरले. याशिवाय चर्चचा आधार होता. माउंट कार्मेलच्या मातेच्या नावाने उभ्या असलेल्या गावच्या चर्चमध्ये १९६० च्या दशकापर्यंत पोर्तुगीज जाणणारे धर्मगुरू येत, व प्रार्थना पोर्तुगीजमध्ये चालत. गावकऱ्यांची बोली प्रतिष्ठित पोर्तुगीजहून वेगळी असली तरी तिच्या मागे देवघरातील भाषेची छाया होती.

सारांश, खाडी ही बाहेरची सीमा. खरी सीमा विवाहाची, धर्माची व घरातील संभाषणाची होती. हा भेद केवळ तात्त्विक नाही. खाडीवर पूल बांधता येतो. विवाहाच्या व घराच्या सीमेवर तसा एका दिवसात पूल होत नाही, पण एकदा ती सीमा विरघळली म्हणजे पुन्हा उभारताही येत नाही.

४. बदलती परिस्थिती

गेल्या साठ वर्षांत या सर्व बाजूंनी बदल झाले आहेत. चर्चमधून पोर्तुगीज गेली व तिच्या जागी मराठी आली. मुले मराठी शाळेत जाऊ लागली. १९८६ साली रेवदंडा व साळाव यांना जोडणारा पूल कुंडलिकेवर झाला. १९९० च्या दशकात साळाव येथे स्पंज-लोखंडाचा कारखाना उभा राहिला, म्हणजे जे पिंपरीत झाले त्याची लहानशी आवृत्ती कोर्लईच्या शेजारी अवतरली. पूर्वी शेती व मजुरी यांवर चालणाऱ्या कुटुंबांना पगाराची नोकरी, अलिबागचे शिक्षण व मुंबईचा बाजार ही सर्व जवळ आली. किल्ला, दीपगृह व समुद्रकिनारा यांमुळे प्रवाशांचीही वर्दळ वाढली.

यांतील प्रत्येक बदल गावकऱ्यांच्या हिताचा आहे, ही गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. आजाऱ्याला भरतीची वाट पाहत होडीची प्रतीक्षा करावी लागत नाही, मुलीला शाळेसाठी गाव सोडावे लागत नाही, हे लहान लाभ नव्हेत. भाषेच्या प्रेमाने त्या जुन्या एकाकीपणाचे गोडवे गाणारा अभ्यासक स्वतः मात्र पुलावरूनच कोर्लईस जातो, याचा आपणांस विसर पडू नये.

तथापि याच बदलांमुळे मातापित्यांपुढे एक कठीण निवड उभी राहते. मुलाला शाळेत मराठी लागणार, पुढे हिंदी-इंग्रजी लागणार. घरची बोली ना पाठ्यपुस्तकात, ना अर्जात, ना मुलाखतीत. अशा वेळी ‘मुलाशी घरीही मराठीच बोलावे’ हा विचार स्वाभाविक आहे. तो करणाऱ्या आईला दोष देता येत नाही. पण एका पिढीतील पुष्कळ घरांनी तो केला, की भाषा पुढच्या पिढीत केवळ आजीच्या तोंडी उरते.

५. इतरत्र काय घडले

पोर्तुगीज आरमार जेथे जेथे गेले तेथे अशा बोली जन्मल्या, व त्यांच्या इतिहासातून कोर्लईच्या भविष्याचे काही आडाखे बांधता येतात. सर्वांत बोधप्रद उदाहरणे इंडोनेशियाच्या बेटांवरील आहेत.

आजच्या जकार्ताच्या उत्तर भागात तुगू नावाची वस्ती आहे. सतराव्या शतकात बंगाल व कोरोमांडेल किनाऱ्यांसारख्या भागांतून नेलेले आणि पुढे मुक्त झालेले ख्रिस्ती दास डच अमलात तेथे वसले. त्यांची भाषा पोर्तुगीज क्रिओल. जर्मन भाषाशास्त्रज्ञ ह्यूगो शुखार्ट यांनी १८९० साली बटाविया व तुगू येथील या बोलीवर विस्तृत प्रबंध लिहिला. भोवती दलदल असेपर्यंत तुगू एकाकी राहिले. पुढे महानगर त्याच्यापर्यंत पोहोचले, आणि विसाव्या शतकात तेथील भाषा दैनंदिन व्यवहारातून नाहीशी झाली. परंतु तुगूचा समाज नाहीसा झाला नाही. तो आपले चर्च सांभाळतो, ‘क्रोंचोंग’ हे आपले संगीत वाजवितो, आणि त्या गाण्यांतून जुन्या भाषेचे शब्द अजून ऐकू येतात. तेथे गाणे उरले, बोलणे गेले.

फ्लोरेस बेटाच्या पूर्व टोकावर लारांतुका हे गाव आहे. तेथे पवित्र सप्ताहातील विधींत पोर्तुगीज प्रार्थना आजही म्हटल्या जातात. पण घरची व बाजारची भाषा मलायचा एक प्रकार आहे. तेथे प्रार्थना उरली. आपल्याकडे केरळात कोचीच्या परिसरात अशी बोली होती. तिचा अखेरचा अस्खलित भाषक २०१० साली निवर्तला. मुंबई व उत्तर कोकणातील ख्रिस्ती कुटुंबांत बोलल्या जाणाऱ्या पोर्तुगीज बोलीचे वर्णन गोमंतकीय पंडित सेबास्तियांव रुदोल्फ दालगादो यांनी १९०६ साली करून ठेवले, म्हणून तिचे अस्तित्व आपणांस कळते. मुंबईत आज ती ऐकू येत नाही. उलटपक्षी दीव, दमण, श्रीलंकेतील बट्टिकलोआ व मलेशियातील मलाक्का येथे अशा बोली क्षीण होत का होईना, जिवंत आहेत.

या उदाहरणांवरून एक निष्कर्ष निघतो. समाज, धर्म व अभिमान टिकला म्हणजे भाषा टिकतेच असे नाही. तुगूला अभिमानाची उणीव नव्हती. तेथे उणीव पडली ती आईने मुलाशी रोज त्या भाषेत बोलण्याची. जोशुआ फिशमन यांनी भाषापालटाविषयीच्या आपल्या १९९१ च्या ग्रंथात पिढीजात संक्रमणास जे केंद्रस्थान दिले, त्यामागील अनुभव हाच आहे.

६. भवितव्य

तर कोर्लईचे काय होईल? पूल झाला म्हणून भाषा गेलीच, असे भाकीत करण्यास वरील विवेचनानुसार आधार नाही. पुलानंतरही घरात ती बोलली जात आहे. परंतु तिच्या जुन्या सीमा, म्हणजे गावातली सोयरीक, चर्चची भाषा व एकाच प्रकारचा चरितार्थ, एकेक करून सैल होत आहेत. पूर्वी जे आपोआप घडत होते ते यापुढे बुद्धिपुरस्सर करावे लागेल. सक्तीच्या सीमेची जागा स्वेच्छेच्या निष्ठेने घेतली पाहिजे. आणि ही निष्ठा गावाबाहेरच्या कोणाला गावावर लादता येणार नाही.

बाहेरच्यांना जे करता येईल ते मर्यादित आहे, पण नगण्य नाही. पहिली गोष्ट गणतीची. दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या मातृभाषा जनगणनेच्या प्रसिद्ध तक्त्यांत स्वतंत्रपणे दाखविल्या जात नाहीत. त्यामुळे कोर्लईची भाषा सरकारी कागदावर जवळजवळ अदृश्यच असते. अशाच भाषांच्या नोंदणीसाठी म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेमार्फत २०१३ साली केंद्र सरकारने योजना सुरू केली आहे. दुसरी गोष्ट शाळेची. १९५६ साली घटनेत घातलेले ३५०-अ हे कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्यास राज्यांना सांगते. हजार माणसांच्या भाषेत पूर्ण शाळा चालविणे व्यवहार्य नसेलही. परंतु बालवर्गात शिक्षकाने मुलाला घरच्या भाषेत उत्तर देऊ देणे, तिच्या शब्दांची एक छोटी पुस्तिका वर्गात ठेवणे, यास मोठा खर्च लागत नाही. ‘तुझी भाषा अशुद्ध’ हे वाक्य वर्गात उच्चारले न जाणे, यास तर काहीच लागत नाही.

तिसरी गोष्ट आपल्या मनाची. मराठी ही येथे बलवान भाषा आहे. इंग्रजीपुढे आपल्या भाषेची गळचेपी होते, अशी तक्रार आपण नेहमी करतो. कोर्लईत त्याच मराठीच्या दडपणाने दुसरी भाषा वाकते, हे मान्य करावयास मोकळेपणा हवा. तो आला म्हणजे आपणांस हेही दिसेल की, मराठी शिकणे व घरची भाषा सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोर्लईचा माणूस पिढ्यान्‌पिढ्या दोन्ही भाषा बोलत आला आहे. दुभाषिकता ही त्याला नवी नाही. निवड ‘मराठी की क्रिस्ती’ अशी मांडली गेली तरच लहान भाषा हरते.

शेवटी पुन्हा आपल्या परिसराकडे वळू. चाकणच्या चाळीत राहणाऱ्या कामगाराच्या घरात आज भोजपुरी असेल, अहिराणी असेल, गोरमाटी असेल. त्याच्या मुलाच्या शाळेची भाषा निराळी, अंगणातल्या खेळाची निराळी. पुढे काय होणार, हे कोर्लईच्या घरांत जो प्रश्न आहे त्याच प्रश्नावर अवलंबून राहील : संध्याकाळी कामावरून आलेले आईबाप मुलाशी कोणत्या भाषेत बोलतात? आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणी कोर्लईस जाऊन ध्वनिमुद्रण केले तर ते मोलाचे काम होईल. ज्यांना तेवढा प्रवास शक्य नसेल त्यांनी आपल्या बिऱ्हाडाशेजारच्या दहा घरांत हाच प्रश्न विचारावा. नोंद करताना शब्दसंग्रहाआधी एवढे टिपून ठेवावे की, घरातील सर्वांत लहान मूल आजीला कोणत्या भाषेत उत्तर देते. ज्या भाषेत ते उत्तर येते तिचे भवितव्य अजून तिच्या हाती आहे.